राकट दिसणं आणि आतून मोडलेलं असणं: चॉकलेट हिरोची परीक्षा नेमकी कशात?

एखाद्या गोडगोजिऱ्या नायकाच्या नव्या सिनेमाचा ट्रेलर येतो. वाढलेली दाढी, भुवईवर व्रण, दोन पट्ट्या खाली उतरलेला आवाज. लगेच दोन वाक्यं एका दमात बोलली जातात: ‘काय राकट दिसतोय!’ आणि ‘काय काम केलंय!’ दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो. चॉकलेट हिरोला असल्या भूमिका पेलतील का, या वादात दोन वेगळी कौशल्यं एकमेकांत मिसळलेली असतात. एक, कणखर वाटणं. दुसरं, आतून मोडलेला माणूस उभा करणं. पहिलं मेहनतीच्या जोरावर बहुतेक देखण्या नटांना साधतं. दुसरं थोड्यांनाच साधतं, आणि ज्यांना साधतं त्यांना जुना देखणेपणा आड येत नाही, उलट कामी येतो, असं माझं ठाम मत आहे.

राकटपणा कशाकशातून तयार होतो ते आधी पाहू. जिममध्ये कमावलेलं शरीर, रंगभूषा, फाइट मास्टरने बसवलेली मारामारी, खालून लावलेला कॅमेरा, एन्ट्रीला दणकून वाजणारं पार्श्वसंगीत, डबिंगच्या वेळी माइकला चिकटून काढलेला खर्ज. यातलं बरंचसं काम दुसऱ्यांनी केलेलं असतं. म्हणून ते हलकं ठरत नाही; शरीर कमवायला महिनोन्महिने घाम गाळावा लागतो आणि पडद्यावरची मारामारी पटवणं ही कलाच आहे. पण नटाचं प्रेक्षकाशी असलेलं नातं जुनंच राहतं. पूर्वी त्याच्या हसण्यावर लोक फिदा व्हायचे, आता चालण्यावर शिट्ट्या पडतात. लोकांनी आपल्यावर भाळावं ही अपेक्षा तशीच शाबूत असते.

मोडलेला माणूस साकारताना नेमकी हीच अपेक्षा सोडावी लागते. चेहरा वाईट कोनातून दिसला तर दिसू द्यायचा. पात्र किळस येईल असं वागलं तरी डोळ्यांनी त्याची वकिली करायची नाही. रडताना सुंदर दिसायचं नाही. ज्याला विशीपासून कॅमेऱ्याला आवडण्याचेच पैसे मिळत आलेत, त्याच्यासाठी हे सिक्स पॅकपेक्षा कितीतरी कठीण आहे.

दोन्ही गोष्टी एकाच देहात शेजारी शेजारी पाहायच्या असतील तर ‘द डिपार्टेड’ (2006) पाहावा. ‘टायटॅनिक’मुळे (1997) जगभरच्या मुलींच्या खोल्यांत ज्याची पोस्टरं लागली तो लिओनार्डो डिकॅप्रिओ इथे गुंडांच्या टोळीत घुसलेला पोलीस आहे. मानसोपचारतज्ज्ञ बाईसमोर बसून तो सांगतो, की खुनी माणसाशेजारी बसलेलं असताना काळीज धडधडत असतं, पण आपला हात कधी थरथरत नाही. तो न हलणारा हात म्हणजे राकटपणा. ते काळीज म्हणजे दुसरी गोष्ट. डिकॅप्रिओ हात स्थिर ठेवतो आणि ती धडधड डोळ्यांत आणि मध्येच तुटणाऱ्या वाक्यांत आणतो. पुढे ‘द रेव्हनंट’साठी (2015) त्याने बर्फात हालअपेष्टा सोसल्या, कच्चं लिव्हर खाल्लं आणि ऑस्कर मिळवलं. ते कष्ट खरेच होते. तरी मला विचाराल तर खुर्चीत बसून केलेलं ते जुनं काम जास्त अवघड आहे.

मॅथ्यू मॅकॉनहेच्या बाबतीतही लोक चुकीच्या गोष्टीचं कौतुक करतात असं वाटत राहतं. 2000 नंतरच्या दशकात हा माणूस म्हणजे रोमँटिक कॉमेडीचा हुकमी चेहरा होता. मग त्याने ठरवून तसले सिनेमे नाकारले आणि वेगळं काम येईपर्यंत थांबला. ‘डॅलस बायर्स क्लब’साठी (2013) त्याने वीसेक किलो वजन घटवलं, त्याची चर्चा अजून होते, ऑस्करही मिळालं. पण 2014 च्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ मालिकेत तो चौकशीच्या टेबलाशी बसलाय, समोर बिअरचे रिकामे कॅन आहेत आणि बोलता बोलता सुरीने तो त्या पत्र्यातून छोटी छोटी माणसं कापून काढतोय. आवाज चढत नाही, कुणाला मारत नाही. हात आपलं काम करत राहतात आणि या माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षं काय घोळत असेल याचा आपल्याला अंदाज येऊ लागतो. हे वजनकाट्यावर मोजता येत नाही, त्यामुळे बातमीतही येत नाही.

आपल्याकडे हा फरक पाहायला शाहिद कपूरइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्याने दोन्ही केलंय. ‘इश्क विश्क’मधला (2003) आणि ‘विवाह’मधला (2006) तो कोवळा मुलगा आठवा. 2019 च्या ‘कबीर सिंग’मध्ये दाढी, दारू, संताप, हाणामारी सगळं आहे आणि शाहिद मन लावून काम करतो. पण सिनेमा क्षणभरही त्याच्यावर रागवायला तयार नाही. त्याचं दुःखसुद्धा स्लो मोशनमध्ये, चांगल्या प्रकाशात, गाण्यासकट येतं. वेदना इथे नायकाच्या अंगावरचा दागिना झाली आहे. लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला, आणि त्याला त्रासलेल्या माणसाचा अभिनय म्हटलं. मला तो राकटपणाचाच विस्तार वाटतो.

आता त्याआधीचा ‘उडता पंजाब’ (2016) घ्या. टॉमी सिंग हा नशेच्या गाण्यांवर मोठा झालेला, स्वतः नशेत बुडालेला गायक. तुरुंगात त्याला दोन पोरं भेटतात, त्याचे कट्टर चाहते. नशेसाठी पैसे दिले नाहीत म्हणून त्यांनी आईचा जीव घेतलाय, आणि ती त्याचंच गाणं त्याला म्हणून दाखवतात. इथे शाहिदकडे करण्यासारखं काहीच नाही, फक्त ऐकायचंय. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरून स्टार उतरत जातो. हा प्रसंग एखाद्या अनोळखी नटाने केला असता तर चांगला झालाच असता, पण ज्याला आपण स्वतः वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलंय त्याने केल्यामुळे तो आपल्यालाही टोचतो. ‘हैदर’मध्येही (2014) तेच. लाल चौकात मुंडण केलेला, गळ्यात दोर अडकवलेला तो पोरगा गर्दीपुढे बोलतो, तेव्हा तो वेडा झालाय की वेड पांघरतोय हे कळू नये इतकी त्याने स्वतःवरची पकड सैल सोडली आहे. राकटपणाचं त्यात नावही नाही.

सैफ अली खान वेगळ्या वाटेने तिथे पोचला. ‘दिल चाहता है’मधला (2001) तो गोंधळलेला, गोड समीर पाच वर्षांनी ‘ओंकारा’मध्ये लंगडा त्यागी होऊन आला. बारीक कापलेले केस, घाणेरडे दात, एक पाय ओढत चालणं. बाह्यरूप जबरदस्तच होतं. पण मला तो पटतो तो पद हुकल्यानंतर. आरशासमोर उभा राहून तो आरसा फोडतो आणि स्वतःच्याच रक्ताचा टिळा कपाळाला लावतो. जो मान दुसऱ्याला मिळाला तो हा माणूस एकटाच, कुणी बघत नसताना स्वतःला देतोय. किती अपमान गिळलाय ते त्या एका हालचालीत कळतं. लंगडणं तालमीने येतं, ही असूया तालमीने येत नाही.

मोडलेपणासाठी राकटपणा लागतोच असंही नाही, आणि याचा पुरावा मराठीतच आहे. सचिन पिळगावकर म्हणजे ‘गीत गाता चल’पासून (1975) ‘अशी ही बनवाबनवी’पर्यंत (1988) हसरा, मिश्कील, लाघवी चेहरा. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (2015) त्यांना गवई खाँसाहेबांची भूमिका दिली, तेव्हा अनेकांना ते पचलं नव्हतं. मुळात ही भूमिका नाटकात वसंतराव देशपांडे यांनी गाजवलेली. सिनेमात गळाही त्यांच्या नातवाचा, राहुल देशपांडे यांचा. म्हणजे सचिनना ना धिप्पाड देह, ना स्वतःचं गाणं. हाती उरला तो फक्त चेहरा. वर्षानुवर्षं प्रतिस्पर्धी गायक पंडितजींकडून हरलेल्या आणि शेवटी जिंकूनही ते जिंकणं पचवू न शकलेल्या गवयाचा कडवटपणा त्यांनी त्याच मऊ चेहऱ्यावर आणला. चेहरा मूळचा हसरा असल्यामुळे त्यावरचं हसू विझलेलं चटकन जाणवतं. त्यांनी पुढे ‘सिटी ऑफ ड्रीम्स’मध्ये जगदीश गुरव हा मुरलेला राजकारणी केला, तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

जुनी प्रतिमा कामी येते म्हणते ती अशी. ऋषी कपूर यांचा रौफ लाला (‘अग्निपथ’, 2012) घ्या. डोळ्यांत सुरमा घालून पोरींचा लिलाव करणारा हा माणूस भीतिदायक वाटतो, कारण ‘बॉबी’पासून (1973) तो चेहरा आपल्या विश्वासातला होता. स्वप्नील जोशीच्या ‘समांतर’मध्ये (2020) तर आणखी गंमत आहे: दुसऱ्याचं आयुष्य आपल्या वाट्याला येतंय या भीतीने पोखरलेला कुमार महाजन स्वप्नीलने केला आणि ज्याचं आयुष्य येतंय तो सुदर्शन चक्रपाणी नितीश भारद्वाज यांनी. दोघेही एकेकाळी टीव्हीवरचे लाडके कृष्ण. तो प्रसन्न चेहरा त्रासिक झालेला पाहताना नशिबाने काहीतरी हिरावून नेलंय असं खरंच वाटतं.

मग ओळखायचं कसं? मी नटाच्या बोलण्याकडे कमी आणि ऐकण्याकडे जास्त पाहते. समोरचा बोलत असताना तो आपल्या पाळीची वाट बघतोय की त्याला काही लागतंय? पात्र हरतं तेव्हा कॅमेरा त्याला कसा दाखवतो? हरतानाही तो देखणाच दिसत असेल, मागे व्हायोलिन वाजत असतील, तर सिनेमाला त्याची प्रतिमा जपायची आहे. अशा वेळी सगळा दोष नटाच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. वयाचंही तसंच. चाळिशी-पन्नाशीने चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, त्या राकटपणाला मदत करतात. दुसऱ्या कामाला त्या पुरत नाहीत. तिथे भूमिका लिहिणाराही तेवढाच धीट लागतो.

बॉबी देओलच्या बाबतीत मला याचंच वाईट वाटतं. ‘बरसात’मधला (1995) लांब केसांचा तो मुलगा ‘अ‍ॅनिमल’मध्ये (2023) मुका अबरार म्हणून आला आणि थिएटरं दणाणली. राकटपणाचे पैकीच्या पैकी गुण. अबरारच्या मुकेपणामागे लहानपणीचा धक्का आहे हे सिनेमा सांगतो, पण ती जखम खेळायला त्याला जागा देत नाही. जागा मिळाली की हा नट काय करतो हे ‘आश्रम’मध्ये (2020) दिसलं होतं. तिथला बाबा निराला हसून, हळू बोलून लोकांना नादी लावतो आणि बॉबीचं तेच जुनं लाघवी हसू बघता बघता अंगावर येतं. अबरारच्या लहानपणावर कुणी चार पानं लिहिली असती, तर ती पेलणारा नट सेटवर हजर होता.