जड गिटार म्हणजे चांगली गिटार?

जड, अखंड लाकडाची इलेक्ट्रिक गिटार उत्तम आणि हलकी किंवा जोडलाकडाची टाकाऊ, हा समज दुकानदारांपासून शिकवणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या तोंडी असला, तरी तो खरा नाही. या वाद्यात पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावते, त्यामुळे पिकअप या तारांखाली बसवलेल्या भागातल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायरकडे जाते ती हीच वीज. म्हणून अकूस्टिक गिटारच्या पोकळ पेटीचा न्याय येथे लावता येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडी चौकटीवर मेसोनाइटचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले, तक्ते बसवून स्वस्त गिटारी विकल्या, आणि पुढे लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने डॅनइलेक्ट्रोच रंगमंचावर वाजवली.

स्वस्त गिटारीत काटकसर होते ती बहुधा हातकामात. मानेच्या कडेवरून बोट फिरवताना फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके बोचली, तर कानसकाम घाईत उरकले आहे किंवा लाकूड आक्रसले आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर स्वर मोजणाऱ्या ट्यूनरवर ताडून पाहावेत. त्यांतला थोडा फरक ब्रिजवरच्या, म्हणजे गिटारच्या धडावर तारा टेकतात त्या भागावरच्या, स्क्रूने मिटतो. पिळवटलेली मान मात्र अशी सुधारत नाही, आणि (विक्रेता काहीही म्हणो) तसली गिटार अर्ध्या किमतीतही घेऊ नये.