केंद्रोत्सारण, प्रयोगशाळेतील

केंद्रोत्सारण : द्रवात तरंगणारे कण, पेशी किंवा महारेणू (प्रथिनांसारखे मोठे रेणू) नमुना वेगाने फिरवून वेगळे करण्याची रीत. यंत्राला केंद्रोत्सारक म्हणतात. प्रयोगशाळेत सर्रास सेंट्रिफ्यूज. फिरवल्यानंतर तळाशी बसतो तो गाळ (पेलेट), वर राहते ते निवळ (सुपरनेटंट). निवळाहून हलके कण उलट अक्षाकडे, म्हणजे वर सरकतात. दुधातील स्निग्धांश असाच वर येतो.

नमुना नुसता ठेवला तरी जड कण खाली बसतातच. पण जीवाणूंना त्यासाठी कित्येक तास लागतात, आणि प्रथिनांचे रेणू तर द्रवाच्या औष्णिक हालचालीमुळे बसतच नाहीत. स्टोक्स यांच्या नियमानुसार गोल कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि कण व द्रव यांच्या घनतांमधील फरकाच्या प्रमाणात असतो, तर द्रवाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात. कणाचा आकार आणि द्रवाची घनता बहुधा आपल्या हातात नसतात; कणाला खेचणारी ओढ मात्र फिरवून वाढवता येते. ही ओढ गुरुत्वाच्या किती पट आहे ते ‘जी’मध्ये सांगतात. ते काढण्याचे सूत्र असे : ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी.) × मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग.

येथे एक गोष्ट आग्रहाने नोंदवली पाहिजे. ‘३,००० फेऱ्यांवर दहा मिनिटे’ अशी कृती अपुरी आहे. ८ सेंमी. त्रिज्येच्या रोटरमध्ये (नळ्या धरून फिरणाऱ्या भागात) ३,००० फेऱ्यांना सुमारे ८०५ जी मिळतात, १८ सेंमी.च्या रोटरमध्ये सुमारे १,८११ जी. म्हणजे कागदावर कृती तीच, पण ओढ सव्वादोन पट. जुन्या पाठ्यपुस्तकांतील कृती दुसऱ्या यंत्रावर जमत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून वहीत जी, तापमान आणि रोटरचा प्रकार या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.

उगम : पहिला केंद्रोत्सारक कोणाचा, यावर एकमत नाही. अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स यांनी हवेचा रोध मोजण्यासाठी फिरती भुजा वापरली, म्हणून काही संकलक त्यांच्यापासून सुरुवात करतात. परंतु तिच्यात काहीच वेगळे केले जात नव्हते, तेव्हा हा दावा ताणलेला वाटतो. दुधावरील साय वेगळी करणाऱ्या यंत्राचे श्रेय सामान्यतः अँटोनिन प्रांटल यांना, १८६४ च्या सुमारास, दिले जाते. प्रत्यक्ष डेअरीत चालणारी यंत्रे १८७० च्या दशकात विल्हेल्म लेफेल्ट यांनी आणली, आणि १८७८ च्या सुमारास स्वीडनमधील गुस्ताफ द लावाल यांनी सतत चालणारे विभाजक यंत्र तयार केले. कल्पना प्रांटल यांची आणि उपयुक्त यंत्र द लावाल यांचे, हे मत अधिक ग्राह्य आहे. फ्रिड्रिख मिशर यांनी १८६९ मध्ये पेशीकेंद्रके केंद्रोत्सारणाने मिळवली, असेही वाचनात येते. त्यांच्या पद्धतीचा भर मात्र धुणे, पेप्सीन या पाचक विकराची क्रिया आणि निवळू देणे यांवर होता. ताक घुसळण्याची क्रिया या इतिहासात धरू नये. रवीने स्निग्धकण एकमेकांवर आपटून चिकटतात. ते वेगळे होण्याचे कारण फिरण्याची ओढ नव्हे.

प्रयोगशाळेला खरी दिशा थेओडोर स्वेडबर्ग यांनी दिली. १९२० च्या दशकात त्यांनी अति-केंद्रोत्सारक बनवून हिमोग्लोबिनाचे रेणू ठराविक वजनाचे असल्याचे दाखवले. प्रथिने म्हणजे अनिश्चित आकाराचे पुंजके, ही समजूत त्यामुळे डळमळली. १९२६ चे नोबेल त्यांना विकीर्ण प्रणालींवरील (द्रवात विखुरलेल्या सूक्ष्म कणांवरील) कार्यासाठी मिळाले. ते थेट यंत्रासाठी होते असे म्हणणे काटेकोर नाही. ओढीच्या मानाने बसण्याच्या गतीचे एकक त्यांच्याच नावाचे आहे : एक स्वेडबर्ग म्हणजे सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग. हे आकडे बेरजेने जुळत नाहीत. जीवाणूच्या रायबोसोमचे (प्रथिने बनवणाऱ्या पेशीघटकाचे) ३० आणि ५० चे दोन भाग मिळून ७० होतात, कारण गती वजनाबरोबर आकारावरही अवलंबून असते. पेशीचे घटक टप्प्याटप्प्याने वेगळे करण्याची पद्धत आल्बेर क्लोद यांनी रूढ केली : साधारण १,००० जीला केंद्रके, १०,००० जीला मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक), १,००,००० जीला मायक्रोसोम (पेशीतील पटलांचे बारीक तुकडे). डीएनएची प्रत कशी बनते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग सीझियम क्लोराइडच्या घनता-उतारावर (तळाकडे घनता वाढत जाणाऱ्या द्रावणात) झाला.

बडोदे परिसर : कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था (१८९०) आणि अलेंबिक ही रसायन-औषध कंपनी (१९०७, संस्थापक गज्जर, अमीन, कोटिभास्कर) यांच्यामुळे येथे रसायनाची परंपरा जुनी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्था १९४९ च्या. पॅथॉलॉजीत रक्त गोठू देऊन मग फिरवतात व सीरम (गोठल्यावर उरणारा रक्तातील द्रव) काढतात. बडोदे–आणंद पट्ट्यातील दूधव्यवसायात दुधातील स्निग्धांश मोजणाऱ्या गर्बर चाचणीची ओळख जुनी आहे : ब्युटिरोमीटरमध्ये (अंशांकित मानेच्या काचनळीत) १० मिली. सुमारे ९० टक्के गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली. दूध हळूच सोडायचे, मग १ मिली. अमाइल अल्कोहोल. हलवताना नळी हाताला चटका देते, म्हणून ती फडक्यात धरतात. अंशांकित मान अक्षाकडे, बूच बाहेर. सुमारे ११०० फेऱ्यांवर ४-५ मिनिटे फिरवून, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून स्निग्धांशाचा पिवळसर स्तंभ वाचतात.

हाताळणी : समोरासमोरच्या नळ्या वजनाने जुळल्या पाहिजेत, द्रवाची पातळी सारखी असणे पुरेसे नाही, कारण घनता वेगळी असू शकते. एकच नमुना असेल तर समोर तितक्याच वजनाची पाण्याची नळी ठेवतात. झुलत्या बादलीच्या रोटरमध्ये (फिरताना नळ्या आडव्या होतात) गाळ सपाट बसतो, म्हणून सीरमसाठी तो सोयीचा. कोनीय रोटरमध्ये (नळ्या ठरावीक तिरक्या कोनात राहतात) गाळ नळीच्या बाहेरील कडेला चिकटतो, तेव्हा नळी काढण्यापूर्वी ती बाजू खुणेने दाखवावी. गाळ सैल असेल तर ब्रेक बंद ठेवावा. ॲल्युमिनियमच्या रोटरला क्षारांमुळे गंज लागतो आणि फेऱ्या जमत जाऊन धातू थकतो. डिसेंबर १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरत असताना असाच एक मोठा ॲल्युमिनियमचा रोटर अति-केंद्रोत्सारकात फुटला आणि खोलीची नासधूस झाली. संसर्गजन्य नमुन्याची नळी आत फुटल्यास तुषार खाली बसेपर्यंत, साधारण अर्धा तास, झाकण बंदच ठेवतात. काम झाल्यावर रोटर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, उलटा करून, कोरडा ठेवतात.