विसर्ग वेगळा, पूर ढकलणं वेगळं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं, की कोल्हापूर जिल्ह्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. शहरातला माणूस म्हणतो, "राधानगरीचे दरवाजे उघडले, आता आपलं काही खरं नाही." गावातला म्हणतो, "शहर वाचवायला आमच्यावर पाणी सोडलं." दोघंही दोन निराळ्या गोष्टी एकात कालवतात. भरलेल्या धरणातून होणारा विसर्ग ही एक गोष्ट. एकाच्या वाट्याचा पूर निर्णय घेऊन दुसऱ्याच्या अंगावर घालणं ही दुसरी. दर पावसाळ्यात ही गल्लत वाचून आणि ऐकून मी थकलो आहे. तिच्यामुळे ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला शिव्या बसतात, आणि ज्याला खरोखर जाब विचारायला हवा तो आरामात सुटतो.

विसर्ग आपल्याला नवा नाही, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. राधानगरी धरणाची क्षमता साधारण 8.36 टीएमसी, म्हणजे 8.36 अब्ज घनफूट. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोणी साहेब रात्री उठून बटण दाबत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट), म्हणजे सातही उघडले तर जेमतेम 10 हजार. 11 हजार 574 क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो. वीजगृहातून येणारं पाणी धरलं तरी सगळी राधानगरी दिवसाला एक टीएमसीच्या आसपासच सोडते. त्याच वेळी कासारी, कुंभी, तुळशी आणि धरणांच्या खालचा सगळा मुक्त पाणलोट प्रयाग चिखलीच्या संगमाकडे धावत असतो. भरलेलं धरण वरून जेवढं येतं तेवढं खाली जाऊ देतं. धरण नसतं तरी ते पाणी आलंच असतं, उलट लवकर आलं असतं. आणि दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचा विसर्ग वाढला म्हणून पंचगंगा घाटावर पाणी चढेल असं सांगणाऱ्यांनी एकदा नकाशा बघावा. दूधगंगा कोल्हापूर शहराजवळ येतच नाही, ती खाली कर्नाटकात कृष्णेला मिळते.

इथं एक रास्त शंका आहे. धरण जुलैच्या मध्यालाच काठोकाठ भरून ठेवलं तर ऑगस्टच्या पावसाला जागा कुठून राहणार? बरोबर आहे. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो आणि त्याबद्दल पाटबंधारे खात्याला विचारलंच पाहिजे. पण तो वाद शहर विरुद्ध गाव असा नाही. धरण भरलेलं हवं असतं ते उन्हाळ्यात उसाला पाणी मिळावं म्हणून, आणि ऊस गावातच असतो.

खरी अडचण पुढे आहे. एखादी घटना विसर्ग आहे की पूर ढकलणं आहे, हे ओळखायचं कसं? पाण्याचा आकडा, दरवाजांची संख्या, खाली किती गावं बुडाली, यातलं काहीच कामाचं नाही. प्रश्न एकच विचारायचा: हा निर्णय झाला नसता तर हेच पाणी कुठं गेलं असतं? उत्तर "इथंच आलं असतं" असं असेल तर तो विसर्ग. उत्तर "दुसरीकडे गेलं असतं" असं असेल, तर कोणीतरी कोणाचा तरी पूर उचलून तुमच्या दारात आणून ठेवला आहे.

या कसोटीला उतरणारं ठसठशीत उदाहरण 1927 चं आहे. अमेरिकेत मिसिसिपीला महापूर आला होता. न्यू ऑर्लिन्स शहर वाचावं म्हणून तिथल्या बँकवाल्यांनी आणि प्रतिष्ठितांनी सरकारचं मन वळवलं आणि 29 एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला कॅर्नार्व्हन इथला बांध सुरुंग लावून उडवला. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या भागांतले शेतकरी, मासेमार, कातड्यांसाठी शिकार करून जगणारे लोक देशोधडीला लागले. बांध उडवला नसता तर हे पाणी त्यांच्याकडे गेलं असतं का? त्या वेळी, तेवढं, नक्कीच नाही. भरपाईचा शब्द दिला होता, हातात फार थोडं पडलं. वरच्या अंगाचे बांध त्याच सुमारास फुटत गेले, त्यामुळे सुरुंगाची गरजही उरली नव्हती.

2 मे 2011 ला त्याच नदीवर बर्ड्स पॉइंटचा बांध उडवला गेला. इलिनॉयमधलं कैरो हे गाव आणि नदीकाठचा बाकीचा भाग वाचवायला मिसुरीतली सुमारे 1 लाख 30 हजार एकर शेतजमीन पाण्याखाली घातली. बाहेरून बघितलं तर दोन्ही घटना एकसारख्या. फरक इतकाच की ही जमीन पूर सोडायची जागा म्हणून 1928 च्या कायद्यानंतर ठरवलेली होती आणि पाणी सोडण्याचा हक्क सरकारनं जमीनमालकांकडून पैसे मोजून घेतला होता. तरीही त्या पट्ट्यातलं पिनहूक हे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं छोटं गाव कायमचं उठलं. जुन्या मालकाला मिळालेला पैसा नंतर तिथं राहायला आलेल्याच्या घरात पोचत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याला सातबाराकडे घेऊन जाणार आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कोणी सुरुंग लावला नाही, म्हणून इथं पूर ढकलला जात नाही, अशी समजूत आहे. माझा सगळ्यात जास्त राग या समजुतीवर आहे. पंचगंगेला पसरायला लागते ती जागा शहराच्या अंगाला भराव टाकून, भिंती बांधून, ओढे-नाले अरुंद करून कमी केली की पाणी नाहीसं होत नाही. पातळी चढते. चढलेली पातळी वरच्या अंगाला आंबेवाडी-चिखलीत शिरते, समोरच्या काठाला वडणगे-शियेच्या शेतात बसते. भराव नसता तर हे जादा पाणी कुठं गेलं असतं? भराव पडला त्याच मोकळ्या जागेत. म्हणजे कसोटीला पुरतं उतरतं. इथं सुरुंगाचं काम ट्रॅक्टर-डंपरनं केलेलं असतं, आणि तेही भर उन्हाळ्यात, जेव्हा नदीकडे कोणाचं लक्ष नसतं. ऑगस्टमध्ये धरणाच्या दरवाजाकडे बोट दाखवणाऱ्यानं मार्चमध्ये मंजूर झालेल्या लेआउटची फाइल मागितली पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आमचा हेतू कोणाला बुडवायचा नव्हता." हेतू नव्हता हे मी मान्य करतो. पण हेतू नसणं आणि माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथं माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिलेली नाही. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित. या रेषा नकाशावर आखल्या की परिणाम कागदावर आला. शिवाय 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, 56 फुटांच्या वर. त्यानंतर नदीकाठी भरावाची परवानगी देणारा माणूस पलीकडच्या काठावर काय होणार हे जाणूनच सही करतो. कॅर्नार्व्हनला ज्यांनी सुरुंग लावला त्यांनाही सेंट बर्नार्डच्या लोकांशी वैर नव्हतं. त्यांना फक्त आपलं शहर वाचवायचं होतं. जे नक्की होणार हे ठाऊक असून निर्णय घेतला, त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याची. माझ्या मते यात दुसरी बाजू नाही.

हीच कसोटी आपल्यालाही लावायची तयारी ठेवा, कारण कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणापाशी आपण नेमके उलट्या बाजूला उभे राहतो. धरण भरलेलं असताना येतं तेवढं सोडणं हा विसर्ग. त्याची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायची हा मात्र ढकलण्याच्या जातीचा प्रश्न आहे, आणि मागं तुंबणारं पाणी आपल्याकडे येईल या भीतीनं शिरोळचे लोक त्याला विरोध करतात तेव्हा मी त्यांच्यासोबत आहे. पण पुराच्या ऐन भरात "अलमट्टीतून येतंय त्याच्यापेक्षा जास्त सोडा" असं आपण ओरडतो, तेव्हा ते पाणी नारायणपूरमार्गे यादगीर-रायचूरच्या गावांवर जातं. 2019 मध्ये अलमट्टीतून 5 लाख क्युसेकच्या वर पाणी जात होतं आणि तिकडेही गावं पाण्यात होती. मागणी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ती करताना आपण दुसऱ्याच्या अंगावर पूर मागतो आहोत, हे उघड बोलावं आणि त्यांच्या भरपाईचंही त्याच दमात बोलावं.

एवढा कीस पाडायचं कारण म्हणजे दोन्हींत द्यायचं देणं वेगळं आहे. विसर्गाच्या पुरात शासनानं वेळेवर इशारा द्यावा, बोटी, छावण्या, चारा पुरवावा आणि मदत करावी. पूर ढकलला असेल तर ती मदत राहत नाही, ते कर्ज होतं. ज्याचं शहर कोरडं राहिलं त्यानं ते फेडायचं. आपल्याकडे दोन्हींना एकच सानुग्रह अनुदान मिळतं. 2019 च्या महापुरात तर घरात पाणी शिरलेल्या शहरी कुटुंबाला 15 हजार आणि ग्रामीण कुटुंबाला 10 हजार ठरले होते. शहरात महागाई जास्त हे कारण मला पटत नाही. गावातल्या घरात भांडी-कपड्यांबरोबर म्हशी, वैरण, बियाणं आणि नदीवरची मोटर असते. पीक गेलं तर पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो, वाट्यानं किंवा खंडानं करणाऱ्याला आणि शेतमजुराला त्यातलं काही दिसत नाही. पिनहूकची गोष्ट आपल्याकडे गावोगाव आहे.

धरणात बुडणाऱ्याला हक्क असतो हे मान्य व्हायलाही वेळ लागला. मुंबईला वीज देण्यासाठी मुळशी पेट्यातली गावं पाण्याखाली जाऊ लागली तेव्हा सेनापती बापटांच्या बरोबरीनं मावळे 1921 मध्ये सत्याग्रहाला बसले. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 मध्ये. पुरात ढकललेला माणूस मात्र अजून पूरग्रस्तांच्याच यादीत आहे. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना तर वर ऐकून घ्यावं लागतं, "1989 च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिले होते ना, मग तिकडे का नाही गेलात?" प्लॉटवर घर उभं राहतं. गोठा, रान आणि दुधाचा रोजचा व्यवहार तिथं कसा न्यायचा, याचं उत्तर हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी द्यावं.

नुसती भरपाई कायद्यात लिहूनही भागत नाही. चीनमध्ये पूर साठवायचे पट्टे अधिकृतपणे ठरलेले आहेत आणि 2000 पासून त्यांच्या भरपाईचे नियम आहेत. तरी 2023 मध्ये बीजिंगजवळचं झुओझोऊ बुडालं आणि आपला प्रांत राजधानीचा खंदक म्हणून काम करील अशा अर्थाचं हेबेईचे पक्षसचिव बोलले, तेव्हा लोक खवळले. पैसे देणार म्हणून विचारायची गरज संपत नाही. नेदरलँड्समधल्या ओव्हरडीप पोल्डरमध्ये (पोल्डर म्हणजे बांध घालून राखलेली सखल जमीन) उलट घडलं. मोठ्या पुरात आपली शेतं नदीला द्यावी लागणार हे कळल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच योजना मांडली: बांध खाली घ्या, आम्ही उंच टेकाडं रचून त्यावर घरं-गोठे बांधतो. काम 2015 मध्ये पुरं झालं, आठ शेतघरं टेकाडांवर उभी आहेत. काही कुटुंबं भरपाई घेऊन दुसरीकडे गेली. ज्यांना जायचं होतं त्यांना जाता आलं, राहायचं होतं त्यांना राहता आलं.

मग शहर बुडू द्यायचं का? नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाणी शिरलं तर जिल्हाभरातल्या गरिबाचा दवाखाना बंद पडतो. 2019 आणि 2021 मध्ये बालिंगा-शिंगणापूरचे उपसा पंप पाण्यात गेले तेव्हा लाखो लोकांना पुरातच प्यायला पाणी मिळालं नाही. शेताच्या मानानं शहरात माणसं दाटीनं राहतात, आणि कधी काळी पाणी शेतात घेणंच शहाणपणाचं ठरेल. मला ते मान्य आहे. पण मग ती शेतं कोणती हे कोरड्या दिवसांत, ग्रामसभेत, गट नंबरासकट ठरवा. पैसा शहराच्या घरपट्टीतून उभा करा. वाटेकरी आणि मजूर यादीत आधी घाला. निर्णय कोणी घेतला त्याचं नाव कागदावर राहू द्या.

सुरुवात करायची तर शिरोलीपासून करता येईल. पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथं भरावावर आहे, 2019 आणि 2021 मध्ये तो दिवसच्या दिवस बंद राहिला, आणि या भरावानं पाणी तुंबतं ही तक्रार जुनी आहे. भराव काढून रस्ता खांबांवर घ्या, ही मागणी मला पटते. पण त्यानं चिखलीला उसंत मिळाली तर तेच पाणी इचलकरंजी आणि शिरोळकडे थोडं लवकर पोचेल, आणि पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असते. तेव्हा निविदा निघायच्या आधी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या ग्रामसभांपुढे तो आराखडा, वाढणाऱ्या पातळीच्या आकड्यांसह, ठेवला गेला पाहिजे.