मतविभागणी: मागितली कधी, मिळाली कधी

निवडणुकीच्या बातम्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ‘मतविभागणी’ म्हटले की तिरंगी लढत आठवते. दोघांनी एकमेकांची मते खाल्ली आणि तिसरा निवडून आला, असा तो मामला. सभागृहात मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथे विभागणी म्हणजे ‘होय’वाले एकीकडे, ‘नाही’वाले दुसरीकडे, आणि प्रत्येकाच्या नावासकट मोजणी. मुंबईच्या विधानभवनात त्याला सरळ ‘पोल’ म्हणतात, आणि खरे तर तोच शब्द कमी गोंधळाचा. २० सप्टेंबर २०२० च्या रविवारी राज्यसभेत जे घडले, त्याचा सगळा वाद या एका शब्दाभोवती आहे. शेतीमालाच्या व्यापाराचे आणि करारशेतीचे अशी दोन विधेयके त्या दिवशी आवाजी मतदानाने मंजूर झाली; विरोधकांनी मागितलेली विभागणी मिळाली नाही. ती चांगली होती की वाईट, हा प्रश्न वेगळा.

घटनेच्या १०० व्या अनुच्छेदानुसार सभागृहातले प्रश्न हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने सुटतात. बहुमत मोजायचे कसे, ते नियमांवर सोडले आहे. रोजचा मार्ग आवाजी मतदानाचा: पीठासीन अधिकारी प्रश्न मांडतो, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकतो आणि ‘होय’चे बहुमत आहे असे मला वाटते, असे म्हणतो. हे ‘वाटते’ महत्त्वाचे आहे. राज्यसभेच्या नियम २५२ नुसार त्या वाटण्याला कोणी हरकत घेतली, तर सदस्यांना जागेवर उभे करून डोकी मोजता येतात; तसे करायचे नसेल तर विभागणीचा आदेश द्यावा लागतो. किती जणांनी मागणी केली पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मोजणीने काय फरक पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ५ सप्टेंबर १९७० चे आहे. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती त्या दिवशी राज्यसभेत मताला आली. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. एका मताच्याही अंशाने दुरुस्ती पडली. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे आवाजावर भागत नाही. साध्या विधेयकांना ते संरक्षण नाही. तिथे विभागणी कोणीतरी मागावी लागते.

मागितल्यावर ती बहुधा मिळतेही, गोंधळ असला तरी. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असे मंजूर झाले. त्याआधी सात सदस्य निलंबित झाले होते आणि मार्शलना पाचारण करावे लागले होते. तरी मोजणी झाली. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचे विधेयक ९९ विरुद्ध ८४ ने गेले, त्यानंतर सहा दिवसांनी जम्मू-काश्मीर पुनर्रचनेचे १२५ विरुद्ध ६१ ने. उलट फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणचे विधेयक दोन्ही सभागृहांत आवाजीने निघाले, आणि लोकसभेतले थेट प्रक्षेपण त्या वेळी बंद पडले होते. तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते. हे सांगून ठेवायला हवे, कारण या विषयावर प्रत्येकाची स्मरणशक्ती सोयीनुसार चालते.

आता तो रविवार. करोनामुळे अधिवेशनाची घडीच मोडली होती. प्रश्नोत्तराचा तास नाही, शून्य प्रहर अर्धा तास, राज्यसभा सकाळी नऊ ते एक आणि लोकसभा दुपारी. राज्यसभेचे सदस्य अंतर राखून स्वतःच्या सभागृहात, प्रेक्षक कक्षांत आणि लोकसभेच्या दालनातही बसवलेले. ही विधेयके ५ जूनच्या अध्यादेशांची जागा घेणारी होती. १७ सप्टेंबरला ती लोकसभेत मंजूर झाली आणि त्याच दिवशी पंजाबातल्या मित्रपक्षाच्या मंत्र्याने राजीनामा दिला.

राज्यसभेत एक वाजला तेव्हा मंत्र्यांचे उत्तर सुरू होते. विरोधकांना ते दुसऱ्या दिवशी हवे होते. कामकाज मात्र पुढे चालवण्यात आले. वेळ वाढवायची तर सभागृहाचा कौल घ्यायची प्रथा आहे, आणि गोंधळाला तोंड तिथेच फुटले. अध्यादेश नामंजूर करण्याचा ठराव आणि विधेयके प्रवर समितीकडे (म्हणजे निवडक सदस्यांच्या समितीकडे तपासणीसाठी) पाठवण्याच्या सूचना आवाजीने फेटाळल्या गेल्या. सदस्य हौद्यात, म्हणजे पीठासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले, नियमपुस्तिका फाडण्याचा प्रयत्न झाला, माइक ओढले गेले, प्रक्षेपणाचा आवाज बंद झाला. त्याच गदारोळात दोन्ही विधेयके मंजूर झाली.

विभागणी का नाकारली, याचे पीठाकडून, म्हणजे त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्या उपसभापतींकडून, आलेले उत्तर असे: मागणी जागेवरून झाली पाहिजे आणि सभागृहात शांतता पाहिजे, दोन्ही नव्हते. पुढे चित्रीकरण तपासले गेले तेव्हा सूचना मांडणारा किमान एक सदस्य आपल्या जागेवरून विभागणी मागताना दिसला. शांततेच्या मुद्द्यात तथ्य आहे. हौद्यात घोषणा देणाऱ्यांची मते यंत्रावर घेता येत नाहीत. पण त्यावर तहकुबी हा उपाय होता, आणि आदल्या दशकातली मार्च २०१० ची नजीर डोळ्यांसमोर होती. संख्याबळ आपल्याकडे होतेच, असे सरकार पक्ष नंतर सांगत राहिला. ते खरे मानले तर मोजणी टाळण्याचे कारण उरत नाही.

एक कारण मात्र संभवते, आणि त्याची चर्चा त्या आठवड्यात फारशी झाली नाही. विभागणीत नावे नोंदली जातात. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप (पक्षादेश) मोडणे म्हणजे सदस्यत्वाशी खेळ, आणि भाषणात विरोध करून मतदानाच्या वेळी गप्प बसणाऱ्या पक्षांचीही विभागणीत पंचाईत होते. आवाजीत हे सगळे झाकले जाते. महाराष्ट्राने ते १२ नोव्हेंबर २०१४ ला पाहिले आहे. अल्पमतातल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजीने मंजूर झाला. पोल मागितला होता असे विरोधक म्हणाले, मागणी वेळेत आली नाही असे पीठाने सांगितले. बाहेरून पाठिंबा देऊ केलेल्या पक्षाच्या आमदारांना मात्र उभे राहावे लागले नाही. पाच वर्षांनी ३० नोव्हेंबर २०१९ ला नव्या सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. त्याच्या चार दिवस आधी, राजीनामा देऊन गेलेल्या आधीच्या सरकारच्या बहुमत चाचणीसाठी, थेट प्रक्षेपण हवे आणि मतदान गुप्त नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशच होता.

दिल्लीत २१ सप्टेंबरला आठ सदस्य उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित झाले. उपसभापतींना हटवण्याची नोटीस १४ दिवसांच्या पूर्वसूचनेच्या अटीवर निकालात निघाली. निलंबितांनी गांधी पुतळ्यापाशी रात्र काढली आणि सकाळी त्यांच्यासाठी चहा घेऊन आले ते स्वतः उपसभापती. वर्तमानपत्रांत नियम २५२ पेक्षा त्या चहालाच जास्त जागा मिळाली. २२ तारखेला विरोधी बाके रिकामी असताना साडेतीन तासांत सात विधेयके मंजूर झाली. अत्यावश्यक वस्तूंचे तिसरे कृषी विधेयक त्यातलेच.

२७ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती, नोव्हेंबरअखेर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी, १२ जानेवारी २०२१ ला न्यायालयाची स्थगिती, हा पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. २९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, जवळजवळ चर्चेविना मंजूर झाले. तेही आवाजी मतदानाने. म्हणून त्या दोन कायद्यांवर राज्यसभेत कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले, याची नावानिशी नोंद ना ते करताना झाली, ना ते रद्द करताना. मागणी या वेळी अर्थात कोणी रेटली नाही.