समकालीन पोर्ट्रेट आणि जुन्या चित्रपरंपरांचं पुनर्वाचन

जुन्या गाजलेल्या व्यक्तिचित्रांमधली पोझ, पार्श्वभूमी किंवा रंगवायची पद्धत उचलायची आणि तिथे आजचा माणूस आणून बसवायचा, नाहीतर तीच मांडणी उसवून तिच्यात काय झाकलं गेलं होतं ते दाखवायचं, ही आजच्या पोर्ट्रेट पेंटिंगमधली एक मोठी प्रवृत्ती आहे. याला नक्कल म्हणून सोडून देणं अन्यायाचं आहे. युरोपात कित्येक शतकं मोठं पोर्ट्रेट म्हणजे राजे, पोप, सरदार आणि पैसेवाल्या व्यापाऱ्यांचा मक्ता होता. उधळलेला घोडा, मखमली पडदा, कमरेवरचा हात, हे सगळं सत्ता दाखवायचं ठरलेलं व्याकरण, आणि तेच व्याकरण आता त्यात कधी जागाच न मिळालेल्या माणसांसाठी वापरलं जातंय.

जुन्यांकडून घेणं तसं नवीन नाही. फ्रान्सिस बेकनने १९५३ मध्ये वेलाझकेझ या स्पॅनिश चित्रकाराच्या पोप इनोसंट दहावा या १६५० च्या चित्रावरून किंचाळणारा पोप रंगवला, पिकासोने १९५७ मध्ये वेलाझकेझच्याच 'लास मेनिनास' या दरबारी चित्रावर अख्खी मालिका केली. पण ती चित्रकाराने चित्रकाराशी केलेली झटापट होती, चित्रात कोण बसणार हा प्रश्न तिथे नव्हता.

हा प्रश्न ज्यांनी लवकर विचारला त्यांच्यात अमेरिकन चित्रकार बार्कली हेन्ड्रिक्स (१९४५–२०१७) येतो. १९६६ मध्ये तो युरोपातली म्युझियम्स बघून आला, जुन्या उस्तादांवर त्याचं मनापासून प्रेम होतं, पण तिथल्या भिंतींवर कृष्णवर्णीय माणसं जवळजवळ नव्हतीच. १९६९ च्या 'लॉडी मामा'मध्ये त्याने आपल्या एका नातेवाईक तरुणीला वरून कमानदार कॅनव्हासवर उभं केलं आणि मागे सगळीकडे सोन्याचा वर्ख लावला, जसा बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगीन पूर्व-ख्रिस्ती धर्मचित्रांत असतो, त्यामुळे तिचे मोठे अफ्रो केस आपोआप प्रभावळ होऊन जातात. चेहरा मात्र संत बाईचा नाही, ती साध्या कपड्यांत सरळ आपल्याकडे बघते.

सगळ्यात जास्त ओळखलं जाणारं उदाहरण म्हणजे अमेरिकन चित्रकार केहिंडे वायलीचं 'नेपोलियन लीडिंग द आर्मी ओव्हर द आल्प्स' (२००५), ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे, उंची-रुंदी दोन्ही साधारण ९ फूट. मूळ चित्र फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं, १८०१ चं, आणि ते स्वतःच केवढं रचलेलं होतं हे लक्षात घ्यायला हवं, कारण नेपोलियन आल्प्स खेचरावरून ओलांडून गेला होता आणि पोझ द्यायलाही बसला नव्हता, दाविदने आपल्या मुलाला त्यासाठी शिडीवर चढवलं होतं. वायलीने घोडा, वर उठलेला हात, उडणारा झगा तसाच ठेवला, पण स्वार लष्करी छापाचे कपडे आणि टिंबरलँड बूट घातलेला कृष्णवर्णीय तरुण आहे आणि मागे डोंगर-आकाशाऐवजी लाल-सोनेरी वेलबुट्टी. खाली खडकावर मूळ चित्रात बोनापार्ट, हॅनिबल, शार्लमेन या आल्प्स ओलांडणाऱ्या सेनानींची नावं कोरलेली आहेत, वायलीने त्यांच्या जोडीला 'विल्यम्स' हे साधं आडनाव टाकलं. माझ्या मते चित्राचं खरं वजन त्या एका नावात आहे.

अमेरिकन चित्रकार टायटस काफारची वाट उलटी, तो झाकून दाखवतो. 'शिफ्टिंग द गेझ' (२०१७) साठी त्याने फ्रान्स हाल्सच्या १७ व्या शतकातल्या एका डच कुटुंबचित्राची आवृत्ती रंगवली आणि मग रुंद ब्रशने श्रीमंत कुटुंबावर पांढरा रंग फासला, मागे उभा असलेला कृष्णवर्णीय मुलगा तेवढा मोकळा ठेवला. पांढऱ्यात जवसाचं तेल होतं, त्यामुळे तो थर काळानुसार पारदर्शक होत जाणार, म्हणजे कुटुंब कायमचं पुसलेलं नाही, फक्त नजर थोडा वेळ दुसरीकडे वळवलेली आहे.

हे सगळं फक्त युरोपच्या तैलचित्रांपुरतं नाही. पाकिस्तानी-अमेरिकन चित्रकार शाझिया सिकंदरने लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये लघुचित्राचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९८९–९० मध्ये 'द स्क्रोल' केलं, वसलीवर (लघुचित्रांसाठी थरांवर थर चिकटवून केलेला कागद), ५ फुटांहून लांब. त्यात पांढऱ्या कपड्यातली एकच तरुणी घरभर खोल्या-खोल्यांतून फिरते, दरबार नाही, शिकार नाही, घरातली रोजची कामं. पाकिस्तानातल्या नव्या लघुचित्र चळवळीची सुरुवात इथून धरतात.

टीकाही होते, आणि काही अंशी ती बरोबर आहे. नुसता चेहरा बदलला की झालं असा साचा तयार झाला की चित्र पोस्टरसारखं होतं, एकदा कळलं की परत बघावंसं वाटत नाही. जिथे चित्रकार जुन्या तंत्राच्या आत शिरतो तिथे असं होत नाही. अमेरिकन चित्रकार एमी शेराल्ड त्वचा करड्या छटांत रंगवते, ही जुन्या ग्रिझाय (फक्त करड्या छटांत रंगवायच्या) पद्धतीची आठवण, आणि २०१८ च्या मिशेल ओबामांच्या पोर्ट्रेटमध्ये त्यामुळे नजर आधी रंगावर न जाता माणसावर जाते. पोलिश चित्रकार एवा युश्केविच १८–१९ व्या शतकातल्या बायकांची पोर्ट्रेट्स जुन्याच सफाईने रंगवते आणि चेहऱ्याच्या जागी कापड, केस किंवा पानं-फुलं घालते, म्हणजे त्या चित्रांत बाई किती आणि सजावट किती हे समोरच येतं. ब्रिटिश चित्रकार लिनेट यिआडम-बोआकेची माणसं तर पूर्ण काल्पनिक असतात, समोर कुणी बसलेलंच नसतं, त्यामुळे तिच्या चित्रांना पोर्ट्रेट म्हणायचं की नाही यावरच वाद होऊ शकतो.