सकाळ सोडणारा उपास आणि रात्र सोडणारा उपास

१६ तास पोट रिकामं ठेवायचं आणि उरलेल्या ८ तासांत जेवायचं, हे आता कुणाला शिकवायला नको. काळा चहा चालतो का, लिंबूपाणी चालतं का, हेही किरकोळच. साखर-दूध नसेल तर प्या.

घोळ पुढे आहे. एक जण दुपारी १ ला पहिला घास घेतो आणि रात्री ९ ला हात धुतो. दुसरी सकाळी ९ ला पोळी-भाजी खाते आणि संध्याकाळी ५ नंतर काही नाही. दोघंही म्हणतात, "१६ तास झाले ना!" झाले. पण मधुमेह टाळायचा असेल तर हे दोन उपास सारखे नाहीत, आणि तास मोजणारी ॲप नेमकं हेच सांगत नाहीत.

तोच भात, तेवढाच, रात्री खाल्ला की साखर सकाळपेक्षा जास्त चढते. दिवस कलला की शरीर साखर हाताळण्यात मंदावतं. त्यात झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढू लागतं आणि स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्शुलिन सोडताना हात आखडता घेतं. स्पेनमधल्या मुर्सियात ८४५ प्रौढांना साखरेचं पाणी एकदा झोपेच्या ४ तास आधी आणि एकदा १ तास आधी दिलं. दुसऱ्या वेळी इन्शुलिन कमी आलं, साखर जास्त चढली. हे २०२२ चं. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ८ पुरुषांना ५ आठवडे दुपारी ३ च्या आत सगळं जेवण संपवायला लावलं. वजन मुद्दाम घटू दिलं नाही, तरी शरीर इन्शुलिनला जास्त दाद देऊ लागलं. आठच माणसं, मान्य.

उशिरा जेवूनही वजन उतरलं तर साखर सुधारेल. ते श्रेय वजनाचं.

संकष्टीचा दाखला तर कृपया देऊ नका. दिवसभर साबुदाणा, चंद्रोदय नऊच्या आसपास, मग मोदक आणि तासाभरात अंथरूण! व्रत म्हणून जरूर करा. साखरेच्या हिशेबात शेजारच्या जैन काकूंचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद, कितीतरी सरस.

उशिरा जेवणारा बहुधा झोपही कापतो, हा वेगळा भुर्दंड. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तर रक्तातली साखर उतरण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला.

आठला लोकलमधून उतरणाऱ्याने ५ ला कसं जेवायचं? नाही जमणार. मग दुसरा डबा सहाला ऑफिसातच उघडा, घरी वाटीभर आमटी पुरे. मात्र इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या; उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाऊ शकते.