दीडशे किलोटनचे पाचशे कसे दिसले?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी इराणच्या सेमनान प्रांतात साधारण ४.५ महत्तेचा भूकंप झाला आणि ‘इराणने गुपचूप अणुचाचणी केली’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागले. असा निरोप पुढे पाठवू नका. भूकंप आणि स्फोट जमिनीला वेगवेगळ्या तऱ्हेने हलवतात आणि तो फरक हजारो किलोमीटरवरूनही ओळखता येतो. अणुचाचणीबंदीच्या करारांवर सह्या नेते करतात, पण समोरचा करार पाळतोय का, हे भूकंपमापकावरची रेघ सांगते.

स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून सगळीकडे पोहोचणारी पहिली लहर, म्हणजे प्राथमिक लहर, जमीन वर उचलते. भूकंपात प्रस्तरभंगाच्या (खडकातल्या मोठ्या भेगेच्या) दोन बाजू घासत सरकतात. त्यामुळे काही दिशांना ढकल मिळते, काही दिशांना ओढ. दुसरी खूण जास्त भरवशाची आहे. एक महत्ता प्राथमिक लहरींवरून काढतात (एका हेलकाव्याला सुमारे एक सेकंद), दुसरी जमिनीच्या पृष्ठालगत धावणाऱ्या पृष्ठलहरींवरून (सुमारे वीस सेकंद). मोठ्या भूकंपात कित्येक किलोमीटरचा पट्टा सरकतो, त्याला वेळ लागतो, म्हणून लांब लहरी भरपूर उठतात. स्फोट एवढ्याशा जागेत, क्षणात होतो. दोन्हींची पहिली महत्ता सारखी असली, तरी स्फोटाची दुसरी महत्ता साधारण एकाने कमी भरते. महत्तेतला एकाचा फरक म्हणजे लहरीच्या उंचीत दसपट.

स्फोट ओळखणं जमलं, तरी तो केवढा होता हे सांगणं अवघड, आणि इथेच दोन महासत्तांमध्ये वर्षानुवर्षं संशय धुमसत राहिला. १९७४मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १५० किलोटनच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटीएवढी ताकद) वरची भूमिगत चाचणी करायची नाही असं ठरवलं. अमेरिकेकडे नेवाडातल्या स्वतःच्या चाचण्यांवरून बसवलेलं सूत्र होतं. किलोटनच्या आकड्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, ०.७५ने गुणा, त्यात ४.०५ मिळवा, की प्राथमिक लहरींची महत्ता मिळते. १५० किलोटनला ती ५.७ येते. कझाकस्तानातल्या सेमिपलाटिन्स्क या सोव्हिएत चाचणीस्थळाहून मात्र ६.१च्या आसपासचे धक्के नोंदले जात होते. तेच सूत्र उलटं लावलं की उत्तर यायचं सुमारे ५०० किलोटन. म्हणजे सोव्हिएत करार मोडताहेत! रेगन सरकारने तसा जाहीर आरोपही केला.

चूक सूत्रातल्या ४.०५ या आकड्यात होती. नेवाडाखालचं कवच पातळ आहे आणि त्याखालचं प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) तापलेलं, जागोजागी किंचित वितळलेलं. एक सेकंदाची लहर त्यातून जाताना आपली ऊर्जा गमावते. सेमिपलाटिन्स्कखालचा खडक जुना, थंड, टणक. लहर जवळपास शाबूत बाहेर पडते. आपल्याकडे पहारीचा घाव काळ्या कातळावर घाला आणि पावसात भिजलेल्या काळ्या मातीत घाला, तसा फरक. कझाकस्तानसाठी तो आकडा ४.४५ धरावा लागतो. महत्तेत फरक फक्त ०.४चा, पण तो ०.७५ने भागून दहाच्या घातात टाकला की ताकद ३.४ पट फुगते. १५०चे ५०० झाले ते असे.

वाद मिटवायला १९८८मध्ये दोघांनी एकमेकांना आपल्या चाचणीस्थळी बोलावलं. बॉम्बच्या बोअरशेजारी दुसरं बोअर, त्यात एक केबल. स्फोटाचा धक्का पसरत जातो तशी केबल चिरडून आखूड होते. वरून सतत विजेची स्पंदनं सोडायची आणि चिरडलेल्या टोकावरून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. केबल किती वेगाने आखूड झाली त्यावरून स्फोटाची ताकद थेट निघते, मधल्या प्रावरणाचा प्रश्नच येत नाही. १९७४चा करार अखेर १९९०मध्ये लागू झाला.

आपल्या १९९८च्या पोखरण चाचण्यांच्या ताकदीवरचा वादही याच सूत्राभोवती फिरतो. कोणता आकडा धरायचा, यावर भाभा अणुसंशोधन केंद्र आणि परदेशी भूकंपतज्ज्ञांची उत्तरं जुळली नाहीत.

अगदी लहान स्फोट मात्र निसटू शकतो. १९६६मध्ये अमेरिकेने मिसिसिपीत जमिनीखालच्या मिठात, आधीच्या स्फोटाने तयार झालेल्या पोकळीत ०.३८ किलोटनचा बॉम्ब फोडला. पोकळीतल्या मोकळ्या जागेने धक्का मऊ केला आणि लहरी सुमारे सत्तरपट क्षीण झाल्या. अशा वेळी हवेवर नजर ठेवावी लागते. अणुस्फोटात तयार होणारा झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू खडकाच्या भेगांतून झिरपतो आणि त्याचं अर्धायुष्य ५.२ दिवसांचं, म्हणजे शोधायला मुदत थोडीच. २००६मध्ये उत्तर कोरियाच्या चाचणीतला झेनॉन सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रात सापडला.

एवढ्यानेही खात्री पटली नाही, तर १९९६च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात पथक पाठवून एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतचा भाग पायाखाली घालायची सोय आहे. ती वापरता येत नाही, कारण करार लागू व्हायला ठरावीक ४४ देशांनी मान्यता देणं आवश्यक आहे आणि त्या सगळ्यांनी ती दिलेली नाही. रशियाने २०२३मध्ये आपली मान्यता मागे घेतली. भारताने तर सहीच केलेली नाही.